डालग्याखालची तांबडी

आई गेल्यावर तिच्या कोंबड्या सांभाळायला मी सोनिवलीतच राहिले. परवा मुंगसाने तांबडीच्या मानेचा लचका तोडला. मी जखम मिठाच्या पाण्याने धुतली, हळद भरली आणि तिला आईच्या खोलीत ठेवलं. तेव्हापासून तिने कणीला चोच लावली नव्हती.

शेजारच्या रखमाबाई डोकावल्या. "रस्सा कर गं आता. उगाच हाल तिचे!"

"काकी, आईची आहे ती."

"मग कोंडलीस कशाला? एकटीला घास जातो का?"

"बाहेर बाकीच्या जखमेवर टोचतील."

"आणि डालगं काय शोभेला टांगलंय?"

त्यांनीच बांबूचं डालगं खाली काढलं, तांबडीला अंगणात आणून तिच्यावर पालथं घातलं आणि आतबाहेर कणी फेकली. बाकीच्या कोंबड्या धावत आल्या. फटीतून त्यांना टिपताना बघत तांबडी जरा वेळ बसून राहिली. मग तिने एक दाणा उचलला, मग दुसरा.

"बघ, पंगत हवी होती बाईला! तू जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. त्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. आम्ही डालग्याशेजारीच बसलो. बऱ्याच दिवसांनी मी दुसरी भाकरी मागून घेतली.