बेटावरची दोन वाटांची लाइन

चित्रं चौथ्यांदा अर्ध्यावर तुटली, तेव्हा गेशेने राउटरला शिव्या देणं सोडून दिलं. चूक त्याची नव्हतीच.

बेटावरच्या दवाखान्यातून किनाऱ्यावरच्या या मोठ्या हॉस्पिटलात तिच्या वडिलांच्या डोक्याचा स्कॅन यायचा होता. रेमर उब्बेन, वय एकाहत्तर. सकाळी कौलं सारखी करायला शिडीवर चढले आणि थेट डोक्यावर पडले. शुद्ध नव्हती. वरच्या मजल्यावर डॉक्टर हार्टविग चित्रांची वाट बघत होते. ती पाहिल्याशिवाय हेलिकॉप्टर धाडायचं की नाही ते ठरणार नव्हतं, आणि समुद्रावरून धुकं निघालं होतं.

लाइन आयएसडीएनची. एका तारेत दोन वाटा, फोनलाही त्याच आणि चित्रांनाही त्याच. दोन्ही मिळाल्या तर चित्रं वीस मिनिटांत येतात. पण तिकडे दवाखान्यात फोन वाजला की राउटर त्याला एक वाट सोडून देतो; मग कोणी उचलो, न उचलो. तसा लगेच चित्रं पाठवणारा प्रोग्रॅम रुसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ‘माणसाचा फोन आधी,’ हा नियम दोन वर्षांपूर्वी गेशेनेच घालून दिला होता, तोही भर बैठकीत, ऐटीत. तो बदलायचा पासवर्ड बेटावरच्या मॅनेजरच्या कपाटात होता. मॅनेजर सुट्टीवर.

“तार खराब असेल,” शेजारच्या टेबलावरून फोल्कर्ट म्हणाला.

“खराब असती तर दुरुस्त केली असती रे. हे बघ. प्रत्येक वेळी लिहिलंय, कॉल रीतसर संपला. कोणीतरी फोन करतंय, शहाण्यासारखं बोलतंय आणि नीट ठेवतंय.”

अकरा दोन. अकरा तेरा. अकरा चोवीस. अकरा पस्तीस. गेशे त्या आकड्यांकडे बघत राहिली. दर अकरा मिनिटांनी. दहा मिनिटं आईच्या अंडी उकडायच्या घड्याळाची, आणि एक मिनिट चष्मा शोधायचं. लहानपणी दात घासणं, गृहपाठ, रुसवा, सगळं त्याच घड्याळावर चालायचं.

अकरा शेहेचाळीसला तिने घरचा नंबर फिरवला. एंगेज्ड. स्क्रीनवर एक वाट गळून पडली.

मिनिटभराने लागला.

“उब्बेन,” आईचा आवाज आला.

“आई, मी.”

“अगं, तू कामावर ना? मग फोन कसला करतेस? तुला त्रास नको म्हणून मी परस्पर तिकडेच विचारतेय. दोनच शब्द. नर्स बिचारी फार गोड आहे. म्हणते, चित्रं अजून पोचली नाहीत. त्या यंत्रापाशी तुमच्याकडे कोण बसतं गं? जरा हात चालवा म्हणावं.”

“मीच बसते, आई.”

“बरं,” आई म्हणाली. “मग तू चालव.”

सांगून टाकावं का? सांगितलं तर आई फोन करणं थांबवेल. आणि मग उरलेला सगळा जन्म भांडी घासताना ते अकरा मिनिटांचे हिशेब मनात घासत बसेल. स्क्रीनवर दुसरी वाट परत आली. चित्रं पुन्हा पहिल्यापासून.

“आई, तू सफरचंदाचा केक कसा करतेस?”

“आत्ता? तुझे बाबा तिकडे पडलेत आणि तुला केक सुचतोय?”

“सांग ना.”

आईने खुर्ची ओढली. मग म्हणाली, “लोणी आधी बाहेर काढून ठेवायचं.” या मायलेकी कधी पाच मिनिटांच्या वर फोनवर बोलल्या नव्हत्या. सफरचंदं सोलून झाली तेव्हा चित्रं चाळीस टक्के आली होती. तेवढ्यात तिकडे घड्याळ किणकिणलं.

“थांब हं, मी जरा दवाखान्यात—”

“आई, दालचिनी किती?”

“चिमूटभर. तुला कधीच पुरली नाही.” मग हळूच, “आणि ह्यांना नकोच असायची. एक बाजू बिनदालचिनीची करायचे मी.”

साठ. पंच्याहत्तर. नव्वद. गेशे आईला विचारत विचारत केक भट्टीत सरकवत होती, थंड करत होती, कापत होती. शंभर झाले, तेव्हा फोल्कर्ट जिन्यावरून पळत वर गेला. परतला तो पायऱ्या मोजत आल्यासारखा.

“बघितलं त्यांनी. कवटी ताबडतोब उघडायला हवी म्हणाले. पण पायलट नाही म्हणतोय.” त्याने खिडकीकडे मान वळवली. समोरच्या लॉन्ड्रीचं धुराडं, जे रोज दिसतं, ते धुक्यात दिसत नव्हतं. “चित्रं पाऊण तास आधी आली असती तर उडाला असता. आता बोट. भरतीला, पाच वाजता.”

“गेशे?” आई विचारत होती. “चित्रं पोचली का गं?”

“पोचली, आई.”

“बघ, झालं ना! आता येतीलच न्यायला.”

गेशेने खिडकीतल्या पांढऱ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. दोन्ही वाटा रिकाम्या होत्या.

“आई,” ती म्हणाली, “आता तू कर तिकडे फोन. हवा तितका वेळ बोल. नर्सला म्हणावं, रिसीव्हर बाबांच्या कानाशी धर. लाइन मोकळी आहे.”