मनकर्णाबाईंच्या मापाचा दस्ता

“कापा हिला,” गोधडीत गुंडाळलेली बंदूक इब्राहीमभाईंपुढं ठेवत मनकर्णाबाई म्हणाल्या. “दस्ता लई लांब हाय. माझं बोट चापापोतर पोचत नाय.”

इब्राहीमभाईंनी गोधडी उलगडली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारी शेजारी दोन नळ्या, वर दोन नक्षीदार घोडे. हे सगळं विलायती होतं. पण मागचा, खांद्याला टेकायचा अक्रोडाचा दस्ता त्यांनी स्वतः घडवला होता, ऐन पंचविशीत, मनकर्णाबाईंच्या नवऱ्यासाठी, फुलंब्रीकडच्या नानासाहेबांसाठी. लोखंडाला काजळ फासायचं, लाकडात बसवून बघायचं, काळा डाग उठेल तेवढंच तासायचं आणि पुन्हा काजळ फासायचं. असं करता करता पावसाळा सरला आणि बायकोच्या, जैतुनबीच्या डोळ्यांत घालायला घरात काजळ उरलं नाही. पण लोखंड लाकडात असं बसलं, की मधून केस जाऊ नये. पुढं शहागंजातल्या त्यांच्या दुकानात पुष्कळ बंदुका आल्या नि गेल्या, पण इतकं देखणं काम पुन्हा हातून झालं नाही. पोलीस ॲक्शननंतर तर बंदुका ठाण्यात जमा झाल्या, शिकारीचे शौकीन कुठल्या कुठं पांगले आणि इब्राहीमभाई लाटणी नि पाळण्याचे दांडे कातत बसले.

“वैनी, हे नानासायबांच्या अंगाचं माप हाय,” ते कसंबसं म्हणाले.

“मालक गेले. डुकरं ऱ्हायली,” मनकर्णाबाई म्हणाल्या. नवऱ्यामागं शेत त्याच बघत होत्या. “परवा मक्यात बार काढला, तर मीच उताणी पडले. डुकरं पळायची सोडून बघत उभी ऱ्हायली! दीर म्हणत्यात, वैनी, हे बाईमाणसाचं काम नाय, बंदूक मला द्या. लायसन माझ्या नावाचं हाय. मी काय देत नसते.”

“दुसरा दस्ता करून देतो. पण असं अक्रोड आता मिळत नाय. मिळालं तरी वरीस जाईल.”

“तवर डुकरं उपाशी बसतील व्हय?” बाई म्हणाल्या. “लाकूड जपायचं का कणसं जपायची, तुमीच सांगा.”

इब्राहीमभाईंनी बंदूक मांडीवर घेतली. आता प्रश्न मापाचा होता. बंदुकीचा दस्ता माणसाच्या हाताच्या मापानं करायचा असतो, आणि परक्या बाईच्या हाताला हात लावायचा या विचारानंच त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी जैतुनबीला हाक मारली. ती निम्म्या मोहल्ल्याची पोलकी शिवायची. कोपर वाकवून, कोपराच्या खाचेपासून चापावरच्या बोटापर्यंत माप घ्यायचं, हे त्यांनी तिला नीट समजावलं. पडद्यामागून बराच वेळ खिदळण्याचा आवाज आला आणि मग जैतुनबीनं ऐटीत बाहेर येऊन माप सांगितलं.

कापायचा भाग चार बोटं भरला. इब्राहीमभाईंना जरा जास्तच वाटला, पण बायकोच्या मापानं शिवलेलं पोलकं कधी परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ‘बिस्मिल्ला’ म्हटलं आणि करवत लावली. लाकडाचा तो तुकडा खाली पडला.

मनकर्णाबाईंनी बंदूक खांद्याला लावली, तर नाक थेट स्वतःच्याच अंगठ्यावर!

“अगं बाई! बार काढला असता तर नाकच फुटलं असतं की!”

“जैतुन, माप बराबर लिया था ना?”

“लिया ना! फिर दो उंगल कम करके बोली मैं. औरतां माप देते वक्त हात ताणतेच. पोलके में हमेशा कम करती मैं.”

“मी कुठं ताणला?” मनकर्णाबाई ओशाळून म्हणाल्या. “गुदगुल्या व्हत व्हत्या, मी तर आखडून धरला व्हता.”

“वो पोलका है क्या!” इब्राहीमभाई कडाडले. एवढ्या संसारात त्यांचा आवाज इतका कधी चढला नव्हता. मग ते तो तुकडा मांडीवर घेऊन खालीच बसले. शिंप्याला ठिगळ तरी जोडता येतं, कापलेल्या लाकडाला कोण वाढवणार? आपल्या हातचं एकच चांगलं काम जगात होतं आणि ते आपणच मोडलं, या विचारानं त्यांना रडू येऊ लागलं.

जैतुनबी आत गेली. बाहेर आली ती जुन्या खोगिराचं चामडं आणि रजईतला मूठभर कापूस घेऊन. कापूस ठासून ठासून तिनं दोन बोटं जाडीची गादी शिवली, दस्त्याच्या टोकाएवढीच. टाके इतके बारीक, की इब्राहीमभाई राग विसरून बघत राहिले. त्यांनी ती दस्त्याच्या टोकाला पक्की बसवली. मनकर्णाबाईंनी बंदूक पुन्हा खांद्याला लावली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“आता कसं! मापानं शिवल्यावाणी बसली बघा.”

तरी इब्राहीमभाईंना चैन पडेना. चार दिवसांनी ते एसटीनं फुलंब्रीला उतरले आणि विचारत विचारत शेतावर पोचले. दिवस मावळताना मक्यात सळसळ झाली. मनकर्णाबाईंनी पाय रोवून आभाळात एक बार काढला, मग दुसरा. डुकरं जी पळाली, ती बांध ओलांडून दिसेनाशी झाली. बाई जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या. बांधावर दीर कान धरून उभे होते.

“वैनी,” ते म्हणाले, “उद्यापासून माझ्या बी मक्यावर लक्ष ठेवा.”

इब्राहीमभाई हसतच घरी आले. बघतात तर अक्रोडाचा तो तुकडा जैतुनबीनं शिलाई मशीनच्या एका पायाखाली सारला होता.

“हिलता था पाया,” ती जरा बिचकत म्हणाली.

इब्राहीमभाईंनी दस्त्यांना लावायचं जवसाचं तेल काढलं. ते मशीनपाशी वाकले आणि तुकड्याच्या कोऱ्या, कापलेल्या अंगावर तळहातानं हळूहळू चोळू लागले. जैतुनबीनं मशीन थांबवलं नाही.