छपाई का थांबते

“काका, हे दोघं एकमेकांचे कोण लागतात हो?”

नव्या पोरीने स्क्रीनवर बोट टेकवलं. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. ‘शब्दतपासणी’ आणि ‘छपाई’. ती ओळ त्यांनी लगेच ओळखली.

ऑफिसात त्यांचं नाव ‘आधीमग काका’. कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे एक्केचाळीस प्रकल्पांचं खटलं, त्यातलेच हे दोन. रोज ते सगळे बांधून एकत्र करायचे, हीच ‘बिल्ड’, आणि कुठला आधी, कुठला मग, ती यादी तीस वर्षांपूर्वी काकांनीच हाताने लिहिली होती. पायाचा पत्ता नाही आणि निघाले छप्पर घालायला, असं झालं की अख्खी बिल्ड कोसळायची. आता नवं साधन आलं होतं. कोण कुणाचं काय वापरतं ते आपलं आपण वाचून क्रम लावायचं. पोरीने आठवडाभर जुनी यादी त्याच्याशी ताडून पाहिली. सगळं चोख निघालं, ही एक ओळ सोडून.

“छपाई शब्दतपासणीतलं काहीएक वापरत नाही,” ती म्हणाली. “तरी ती होईपर्यंत ही सुरूच होत नाही. दर बिल्डला सात मिनिटं फुकट. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच. काढायला हात धजत नाही.”

थाप मारणं सोपं होतं. ‘असू दे, जुनी भानगड आहे,’ एवढं म्हटलं असतं तरी पोरीने ती ओळ जिवापाड जपली असती. काकांच्या ओठांवर आलंही होतं.

“तेव्हा शब्दतपासणीला वीस मिनिटं लागायची,” ते म्हणाले. “आणि छपाई महाद्वाड. मध्येच अडून बसायची, उशापाशी कुणीतरी लागायचंच. दोन्ही एकदम लावल्या की मला हलता यायचं नाही. म्हणून छपाईला मागे थांबवलं. तेवढी वीस मिनिटं मी मोकळा.”

“कशासाठी?”

“चाचणी विभागात एक बाई होत्या. अकरा वाजता खाली जिन्यापाशी चहा प्यायच्या. काखेत चुकांच्या कागदांचा गठ्ठा, निम्म्या माझ्याच.”

पोरगी हसली. “काकूंना माहीत आहे का हे?”

“त्याच तर काकू. लग्नानंतर सांगितलं तेव्हा म्हणाली, अख्ख्या कंपनीला ताटकळत ठेवलंत, लाज नाही वाटली?”

पोरीचं हसू विरलं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, हे तिला आता आठवलं.

“राहू दे काका ती ओळ. सात मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय?”

राहावी असं काकांनाही फार वाटत होतं. पण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अशाच बिनकामाच्या ओळी खोडल्या होत्या, त्याही चारचौघांत खडसावून.

“नको. काढून टाक.”

“कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

“लिही, गरज उरली नाही.”

तिने बिल्ड लावली. अकरा वाजत आले होते. काका सवयीने उठले, चहा घेतला आणि खाली जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. कप निम्माही झाला नव्हता तोच वरून पोरगी डोकावली.

“काका, झालीसुद्धा.”

“हो, आलोच,” ते म्हणाले, आणि कठड्याला टेकून उरलेला चहा सावकाश पीत राहिले.