गोदीतले सहा महिने

'कूर्म' जहाज नौदलातून निवृत्त झालं, त्या समारंभाला पप्पांना बोलावणं होतं. गुडघे दुखतात म्हणून ते गेले नाहीत. पंधरा दिवसांनी जहाजाच्या सेवेचा इतिहास छापलेली एक पुस्तिका पोस्टाने नाशिकला आमच्या जेल रोडच्या घरी आली.

माझे वडील, भिकन पगारे, चौदा वर्षं त्या जहाजावर होते. त्या जहाजाच्या पोटातच एक गोदी होती. मागच्या टाक्यांत पाणी भरलं की शेपटाकडची बाजू खाली बसायची, भलंमोठं दार उघडायचं आणि आतल्या होड्या माणसं, गाड्या घेऊन तरंगत बाहेर पडायच्या. पप्पा त्या दारावर कामाला होते. नौदलातून सुटल्यावर त्यांनी ओझरला कारखान्यात नोकरी केली, पण ओळख करून देताना आई अजूनही 'आमचे हे नेव्हीतले' असंच म्हणायची.

रविवारी दुपारी आई लसूण सोलत बसली होती. "वाच की गं," ती म्हणाली. "काय काय केलं जहाजाने ते तरी कळू दे."

पुस्तिका इंग्रजीत होती. मी बघून बघून मराठीत सांगायला लागले. जहाज कधी पाण्यात उतरलं, कुठल्या वादळानंतर कुठल्या किनाऱ्यावर धान्य पोचवलं, कुठून किती माणसं सोडवून आणली. पप्पा खुर्चीत होते. एरवी नेव्हीचा विषय निघाला की ते आवरायचे नाहीत. त्या दिवशी गप्प होते. मध्येच म्हणाले, "राहू दे आता, चहा टाक."

पण मी पान उलटलं होतं. दोन हजार तीन. मार्च ते ऑगस्ट, मोठ्या दुरुस्तीसाठी जहाज विशाखापट्टणमच्या गोदीत.

त्याच वर्षी मे महिन्यात माझा भाऊ अश्विन गेला होता. नऊ वर्षांचा होता. सुट्टीत आम्ही सायखेड्याला मामाकडे गेलो होतो. अश्विनने कपडे काढून माझ्या हातात दिले. "पप्पांनी शिकवलंय मला," म्हणाला आणि गोदावरीत उतरला. मी बारा वर्षांची. कपडे धरून उभी राहिले. तो वर आलाच नाही.

पप्पांसाठी आईने मयत नाशिकच्या घरी आणून दोन दिवस ठेवायला लावलं. मे महिन्याचं ऊन, बर्फाच्या लाद्या, दारात माणसं. ते आले नाहीत. आठवड्याने त्यांचा फोन आला, जहाज खोल समुद्रात होतं, निरोप उशिरा मिळाला. पुढे भावकीत कोणी बोललंच, बाप असा कसा, तर आई त्याला सोडायची नाही. "समुद्रात काय टेसनं असतात का उतरायला?" म्हणायची. वीस-बावीस वर्षं ती हेच भांडत आली.

"थांबलीस का?" आईने विचारलं.

"काही नाही. या वर्षी विशेष काही नाही," मी म्हणाले आणि पान उलटायला गेले.

"आहे तसं वाच," पप्पा म्हणाले.

"पप्पा, जाऊ द्या ना."

"वाच, संजना."

मी वाचलं. आईचे हात थांबले. तिला गोदी म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. नेव्हीवाल्याची बायको होती ती.

"म्हणजे जहाज काठाला होतं," ती म्हणाली.

"हो."

"निरोप?"

"त्याच दिवशी मिळाला. साहेबांनी लगेच रजा दिली. मी निघालो, लता. तिसऱ्या दिवशी सकाळी नाशिक रोडला उतरलो."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. नाशिक रोड स्टेशन आमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

"मग?"

"बाकावर बसलो. वाटलं, पाच मिनिटं बसू, मग जाऊ." पप्पा तळव्याने गुडघा चोळत राहिले. "मीच त्याला पाण्यात उतरवलं होतं दिवाळीच्या सुट्टीत. पाण्याला भ्यायचं नाय, म्हणून. तुझ्यासमोर कसा उभा राहू? सगळा दिवस बसून होतो. संध्याकाळी परतीची गाडी लागली, चढलो."

"इथं पोराला बर्फावर ठेवलं होतं मी," आई म्हणाली. "तुमच्यासाठी."

ती उठून आत गेली. लसणाची टरफलं फरशीवर पसरली, ती मी गोळा केली.

चार दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध काढून ठेवायची, पण शब्द नाही. पप्पा अंगणात बसून असायचे. मी दोघांच्या मध्ये उगाच काहीबाही बोलत राहायचे. पाचव्या दिवशी सकाळी आई साडी बदलून बाहेर आली.

"सायखेड्याला जायचंय. यांना म्हणावं, चला."

एसटीने गेलो. अश्विन गेल्यापासून पप्पांनी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. मामाच्या लग्नालाही कारखान्यातल्या ड्यूटीचं निमित्त केलं होतं. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं बाभळी पाण्यावर वाकल्यात, तिथं आई थांबली.

"इथं उतरला. आन् तिकडं, पंपाच्या पाइपाजवळ सापडला."

पप्पा बघत राहिले. मग दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे खाली बसले, आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटला. मी माझ्या वडिलांना असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. "अश्विन, अश्विन," एवढंच म्हणत होते. धुणं धुणाऱ्या दोन बायका मागे वळून बघायला लागल्या.

आई त्यांच्याजवळ गेली नाही. थोडी लांब, पाठ करून उभी राहिली. मला जवळ जावंसं वाटलं, तर तिने हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने तीच वळली आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आई आणि पप्पा एका बाकावर, मी मागे. ओढा गाव मागे पडलं.

"त्या दिवशी," आईने विचारलं, "टेसनावर काही खाल्लं होतं का?"

"नाही. चहा घेतला एकदा."

"आन् जाताना, गाडीत?"

पप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

आईने तोंडाला पदर लावला आणि खिडकीकडे वळली. नाशिक रोड येईपर्यंत तिचे खांदे हलत होते.