उंबऱ्याबाहेरून पाहिलेली काच

"अब्बा, दारातच थांबा."

नूरुद्दीनचं पाऊल थबकलं. सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत उभी हयात वेल्डिंग केलेला हा माणूस उद्या कायमचा रत्नागिरीला निघाला होता. जाण्याआधी लेकीचं काम डोळ्यांनी बघायला म्हणून रियाधला तिच्या प्रयोगशाळेत आला, तर लेकच आडवी उभी.

"काय झालां गो? चपला काढल्या की."

"चपला नाही अब्बा. कपड्यांना बखूरचा धूर लागलाय."

इथल्या बत्हा बाजारातल्या दोस्तांनी निरोपाला ऊद जाळून त्याच्या बाहीत, दाढीत मायेनं धूर दिला होता. त्याला नको कोण म्हणणार?

आत इब्राहीम हसला. हैदराबादचा, तिचा वरिष्ठ. "रुकय्या, बाप है तेरा, इन्स्पेक्टर नहीं. आने दे."

रुकय्यालाही तेच हवं होतं. पण लेझरची निर्वात पेटी उघडी होती, काच बसवायची होती, आणि आज झोत नितळ निघाला नाही तर तिचा प्रयोग बंद होणार होता. ती हळू आवाजात समजावू लागली.

"लेझरच्या खऱ्या झोताआधी थोडा भटका उजेड येतो, अब्बा. तो काचेतून आरपार जातो. मग झोत आदळतो, काचेचा वरचा थर जळून प्लाझ्मा होतो, आणि तोच क्षणभर आरसा होऊन झोताला पुढे धाडतो. धुराचा थर बसला, तर काच आधीच पेटते. मग भटका उजेडही पुढे जातो."

नूरुद्दीन ऐकत राहिला. "जोडायच्या प्लेटीला तेलकट हात लावणाऱ्यांना मीपण हाकलायचो. मलापण हाकल."

तो बाहेरच्या खुर्चीवर संगणकाच्या पडद्यासमोर जाऊन बसला. काच बसली, पेटी मिटली, सगळे बाहेर आले. रुकय्यानं ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

टक्. एवढाच आवाज.

इब्राहीमनं पडद्यावरची रेघ दोनदा पाहिली. "एकदम साफ, भटका उजेड जरा भी नहीं. चचा, मुबारक हो."

"मला काय? तिला सांगा," नूरुद्दीन म्हणाला, पण टोपी मात्र त्यानं नीट बसवून घेतली.

पेटीत हवा भरून काच काढेपर्यंत संध्याकाळ झाली. रुकय्यानं ती आणून त्याच्यापुढे धरली. मधोमध एक पांढरा, जळका ठिपका.

"आता?"

"त्या जागी पुन्हा आरसा होत नाही. ही काच एका झोतापुरतीच होती. घ्या हातात, आता काही बिघडत नाही."

नूरुद्दीननं हात कुर्त्याला पुसले. मग काच फक्त कडांना धरून उजेडात उचलली, मधे कुठे बोट लागू न देता.