फौजदाराच्या पुस्तकातला घड्याळजी

घड्याळजींच्या हाती ते पुस्तक पडलं ते एका बाईंच्या विसराळूपणामुळे. बाई मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या, पट्टा बदलून घेतला, घड्याळ घालून गेल्या आणि पुस्तक काउंटरवरच राहिलं. दुपारची वेळ, गल्लीत सामसूम. घड्याळजींनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मुखपृष्ठावर एक जाडजूड फौजदार खुर्चीत घोरत होता आणि चोर त्याचीच टोपी पळवत होता. नाव होतं ‘फौजदारांची सातवी डुलकी’. लेखक म्हणून नुसतंच छापलं होतं, ‘शेजारी’.

घड्याळजी काही वाचणाऱ्यांतले नव्हते. वर्तमानपत्रसुद्धा ते सुटे भाग पसरायलाच घेत. पण घड्याळवाल्याचाही वेळ कधीकधी जात नाही. त्यांनी मधलंच एक पान उघडलं.

‘कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे कोणत्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं: ठेवून जा, पाहू. चोरीचं घड्याळ आणा, ठेवून जा, पाहू. बुडता माणूस हात पुढे करून ओरडला असता, तरी हा म्हणाला असता, ठेवून जा, पाहू.’

घड्याळजींच्या जिभेखालची पेपरमिंटची गोळी तिथेच थांबली. गेली तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते.

पुढच्या परिच्छेदात तो घड्याळवाला घड्याळाचं झाकण काढताना श्वास रोखून धरत होता आणि मग असा काही सुस्कारा सोडत होता, की गिऱ्हाइकाला वाटावं घरातलंच कुणी गेलं. भिंग कपाळावर सरकवून विसरायचा आणि तसाच जेवायला बसायचा. जिभेखाली पेपरमिंटही होतीच. घड्याळजींचा हात नकळत कपाळाकडे गेला. भिंग तिथेच होतं.

इथवर ते हसलेही असते एखाद वेळेस. पण चार पानं उलटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. पुस्तकातल्या घड्याळवाल्याचे वडील सकाळी वारतात. हा खोलीत येतो, वडिलांकडे पाहतो, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. घड्याळ दोन मिनिटं मागे असतं. हा स्टूल ओढतो, वर चढतो आणि कुणाशी काही बोलायच्या आत काटा पुढे करतो.

घड्याळजींनी पुस्तक मिटलं. ते तसंच घडलं होतं. का केलं, हे त्यांचं त्यांनाही कधी उमगलं नव्हतं. त्या वेळी दुकानामागच्या त्या खोलीत बायको सोडून तिघं जण आले होते. शेजारच्या लाँड्रीवाल्या काकू, कारण रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे त्यांनाच गेला. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, कारण हाताशी तेवढाच डॉक्टर होता. आणि रिटायर झालेले हेडक्लार्क, जे रोज सकाळी फुकटचं वर्तमानपत्र वाचायला येत आणि त्या दिवशीही आले. तिघांनीही ते स्टूलवर चढणं पाहिलं. पुढे कुणी त्याचा कधी चकार शब्द काढला नाही. घड्याळजींना तो त्यांचा मोठेपणा वाटत आला होता. आता वाटेना.

चार दिवसांनी बाई पुस्तक न्यायला आल्या.

“अशी किती आहेत ही?” घड्याळजींनी साळसूदपणे विचारलं.

“बारा झाली. फौजदार नुसता झोपा काढतो हो. खरी गंमत बारीकसारीक माणसांची. एक लाँड्रीवाली आहे, शर्टावरचे डाग बघून माणसाचा अख्खा दिवस सांगते. एक दातांचा डॉक्टर, रक्त दिसलं की याला घेरी येते. एक म्हातारा क्लार्क, खून कुठेही होवो, पोलिसांच्या आधी हा तिथे तक्रारअर्ज घेऊन हजर. आणि तो घड्याळवाला तर...”

बाईंची नजर घड्याळजींच्या कपाळावरच्या भिंगावर गेली. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि पुस्तक पिशवीत टाकून त्या लगबगीने निघून गेल्या.

म्हणजे अख्खी गल्लीच कुणीतरी उचलून नेली होती. आणि उचलणारा बाहेरचा नव्हता. पुस्तकावर नावच ‘शेजारी’. चोराने घरावर आपली पाटी लावून जावं, असा हा उद्दामपणा.

त्या दिवसापासून घड्याळजींची मान खाली राहीना. काकू कपड्यांचं गाठोडं घेऊन दारावरून गेल्या, की यांचे डोळे त्यांच्या मागे. काकू बोलता बोलता एकदम गप्प का होतात? डॉक्टरांकडे दिवसाला तीन पेशंट, मग उरलेला वेळ हा माणूस वर बसून करतो काय? पुस्तकात स्वतःलाच घेरी आणून घेतली, म्हणजे कुणाचा संशय नको, असं तर नाही? पण सर्वांत जास्त संशय हेडक्लार्कांचा. ते बाकावर बसून लहानशा वहीत काहीतरी टिपत आणि घड्याळजी डोकावले की वही मिटत. एकदा ते पाणी प्यायला उठले, तेव्हा घड्याळजींनी वही उघडून पाहिली. शब्दकोड्यांची उत्तरं होती. त्याने समाधान व्हायच्या ऐवजी उलटंच झालं. खरी वही दुसरीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसली होती. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ती माहितीपत्रकं लिहीत असे. मिक्सर कसा धुवावा, इस्त्री कशी ठेवावी, असलं काहीबाही. गेली चौदा वर्षं ती हे काम करत होती आणि त्यातलं एकही पत्रक घड्याळजींनी वाचलं नव्हतं. मिक्सरचं काय वाचायचं.

“मी एक युक्ती काढली आहे,” ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले. “तिघांना तीन थापा मारायच्या. काकूंना सांगायचं, मला पालीची भीती वाटते. डॉक्टरांना सांगायचं, तरुणपणी मी नाटकात नायिकेचं काम करायचो. आणि हेडक्लार्कांना सांगायचं, माझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. पुढच्या पुस्तकात जी थाप छापून येईल, तो आपला चोर.”

बायकोने पेन खाली ठेवलं. “हे तुम्हाला सुचलं?”

“मग काय.”

“छान आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, “आणि तिघांपैकी कुणाचीच नाही आली तर?”

“येणार. न येऊन जाते कुठे.”

थापा मारून झाल्या आणि त्यांची फळं घड्याळजींनाच भोगावी लागली. काकू रोज सकाळी झाडू घेऊन यायच्या आणि दुकानाचं छत कोपरान् कोपरा तपासून, “नाही हो एकही, बसा निवांत,” असं सांगून जायच्या. डॉक्टर जिन्यात भेटले की एखादी ओळ म्हणून दाखवा म्हणून गळ घालायचे. हेडक्लार्क तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे वर्तमानपत्राच्या कडेवरून घड्याळजींच्या डाव्या बुटावर खिळलेले असत. शेवटी तर घड्याळजी उगीचच जरा लंगडायला लागले.

नऊ महिन्यांनी तेरावं पुस्तक आलं. घड्याळजींनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक विकत घेतलं आणि भर दुपारी अर्धं शटर ओढून वाचायला बसले. पाल शोधली. नाटक शोधलं. बोटं शोधली. काही नाही. निम्मं पुस्तक संपलं. आणि मग एका पानावर ते थबकले.

पुस्तकातल्या घड्याळवाल्याला संशय आला होता, की आपल्या दुकानातल्या गोष्टी कुणीतरी चोरतंय. म्हणून त्याने तिघांना तीन थापा मारल्या. एकाला सांगितलं, मी पूर्वी पैलवान होतो. दुसऱ्याला सांगितलं, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिसऱ्याला सांगितलं, मला फुलांचा वास सोसत नाही. खाली लिहिलं होतं: ‘ही युक्ती त्याने फक्त एकाच माणसाला विश्वासात घेऊन सांगितली. त्या माणसावर संशय घ्यावा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.’

घड्याळजींनी ते दोनदा वाचलं. मग भिंग डोळ्याला लावून पुन्हा वाचलं. मग दुकान बंद केलं आणि घरी गेले.

बायको टेबलाशीच होती. त्यांनी पुस्तक तिच्यासमोर, बरोबर त्या पानावर उघडून ठेवलं.

“हो,” ती म्हणाली. “फार मोह झाला. इतकी चांगली गोष्ट आयती घरी चालत आली.”

“तेरा पुस्तकं.”

“हो.”

“आणि मिक्सर?”

“मिक्सरही लिहिते. पोटापुरतं.”

घड्याळजी बसले. त्यांनी भलतंच विचारलं. “नाव तरी दुसरं घ्यायचंस. शेजारी काय? मी नऊ महिने लोकांकडे वाकड्या नजरेने पाहतोय.”

“पहिलं पुस्तक मी तुमच्या शेजारी बसून लिहिलं. तुम्ही याच टेबलावर गजराचं घड्याळ उघडून बसला होतात. लिहून झालं तेव्हा मी तुमच्यापुढे वही ठेवली होती. काय म्हणालात आठवतं?”

घड्याळजींना आठवत नव्हतं, पण उत्तर ठाऊक होतं. ते मान खाली घालून म्हणाले, “ठेव, पाहू.”

“सहा आठवडे पडून होती. मग मी उचलली.”

मग घड्याळजींनी मनात सलत होतं ते काढलं. “बाकीचं ठीक आहे. पेपरमिंट, भिंग, लिही काय लिहायचं ते. पण माझे वडील गेले, ते तू लोकांना हसायला दिलंस.”

“पुढचं पान वाचलंत?”

“नाही वाचवलं.”

ती उठली. कपाटातून सातवं पुस्तक काढून तिने पान शोधलं आणि त्यांच्या हातात दिलं. पुढच्या पानावर, खोलीत चौकशीला आलेला फौजदार त्या मालिकेत पहिल्यांदाच पूर्ण जागा होता. तो कुणाला काही विचारत नाही. स्टूल डगमगत असतं. फौजदार डोक्यावरची टोपी काढून काखेत धरतो आणि घड्याळवाला खाली उतरेपर्यंत दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहतो. बस, एवढंच. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

“त्या दिवशी स्टूल डगमगत होतं?” घड्याळजींनी विचारलं.

“एक पाय आखूड आहे त्याचा. अजून आहे.”

“मग कुणी धरलं होतं?”

“दुसरं कोण धरणार?” असं म्हणून ती चहा ठेवायला वळली.

पुढचा महिनाभर घड्याळजी तेराच्या तेरा पुस्तकं ओळीने वाचत होते. पेन्सिल घेऊन. स्प्रिंग अशी तुटत नाही, ती आधी आवाज करते. आठव्या पुस्तकातलं घड्याळ किल्लीचं आहे, त्यात सेल कुठून आला. बायकोने चौदाव्यासाठी हे सगळं मुकाट्याने लिहून घेतलं. एकच गोष्ट बजावली: हे घराबाहेर जाता कामा नये. “कळलं की लोक माझ्याशी नीट बोलतील,” ती म्हणाली. “नीट बोलणाऱ्या माणसांचं मला काय करायचंय?”

आणि मग एका सकाळी लाँड्रीवाल्या काकू दुकानात आल्या. हातात झाडू नव्हता. त्यांनी बारावं आणि तेरावं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

“आता पुरे झालं,” त्या म्हणाल्या. “हे तुम्हीच लिहिता, हे आम्हाला कळलंय.”

“मी?”

“आमचा संशय जुनाच होता. जगाचं सगळं तुम्ही ऐकून घेता आणि तोंडातून ब्र काढत नाही. मग गेल्या वर्षी तुम्ही मला पालीचं सांगितलंत, डॉक्टरांना नाटकाचं, हेडक्लार्कांना बोटांचं. आम्ही तिघं एकदा बसून बोललो. माणूस विनाकारण अशा थापा का मारेल? आणि आता हीच युक्ती पुस्तकात. सांगा, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?”

घड्याळजींनी तोंड उघडलं. काकूंचा पुरावा बिनतोड होता. उत्तर एकच होतं आणि ते देता येत नव्हतं. त्यांनी समोरच्या उघड्या घड्याळाकडे पाहिलं, चिमटा बाजूला ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “मीच.”

काकू चार दिवस बोलल्या नाहीत. डॉक्टर जिन्यात तोलून मापून, जणू साक्ष देत असल्यासारखे बोलू लागले. हेडक्लार्कांनी बाकावरून एक रीतसर अर्ज पुढे सरकवला: पुस्तकातील वयोवृद्ध क्लार्काच्या प्रकृतीचा विचार करून त्यास पुढील खुनाच्या वेळी बसण्यास खुर्ची मिळावी, ही विनंती. घड्याळजींनी अर्ज घेतला. अख्खी गल्ली आता त्यांच्याकडे तशीच पाहत होती, जसे ते इतके महिने गल्लीकडे पाहत होते.

पाचव्या दिवशी काकू आल्या.

“माझं एकच म्हणणं आहे,” त्या म्हणाल्या. “ती बाई डाग ओळखते, ओळखू दे. पण ती गिऱ्हाइकांच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचते असं लिहिलंय, ते काढा. मी चिठ्ठ्या वाचत नाही. वाळवते आणि परत देते.”

“काढतो,” घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी कागदावर तसं लिहूनही घेतलं.

घरी जाऊन त्यांनी अर्ज आणि कागद दोन्ही बायकोपुढे ठेवले. तिने अर्ज आवडीने वाचला, हेडक्लार्कांना खुर्ची द्यायला कबूल झाली. मग कागद वाचला आणि मान हलवली.

“वाचते हो ती,” बायको म्हणाली. “मी पाहिलंय.”

“कधी?”

पण ती लिहायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीला शर्ट द्यायच्या आधी घड्याळजींनी दोन्ही खिसे उलटे करून पाहिले. मग आतली शिवणही चाचपून पाहिली.