काचेआडचा वाद

मित्रांनो, वाचनालयाच्या दाराशेजारी काचेचं कपाट आहे ना, त्यातला जुना, जाडजूड ग्रंथ म्हणजे मी. साहित्य-समीक्षेचा इतिहास माझ्या पोटात आहे. कवितेचा अर्थ कवीच्या मनात असतो की वाचणाऱ्याच्या? साहित्यानं शहाणं करावं की नुसतं रमवावं? यावरून तत्त्वज्ञ शतकानुशतकं हमरीतुमरीवर आले. ते सगळे माझ्यात एकत्र नांदतात.

मला एका प्राध्यापकांनी लिहिलं, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. समोर त्यांची लेक भाजी निवडत बसायची. ते वाचून दाखवायचे आणि ती मध्येच तोडायची, "बाबा, हे नाही पटत."

"का ते सांग, मग खोडतो." आणि ते खरंच खोडायचे!

छापून आल्यावर माझं फार कौतुक झालं. विद्यार्थ्यांनी हाताळून हाताळून माझे कोपरे मऊ केले. पुढे प्राध्यापक वारले. त्यांचे लाडके शिष्य इथले ग्रंथपाल झाले. त्यांनी मला नवं कापड चढवलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "सरांची आठवण आहे. कुणी हात लावायचा नाही."

असा मी आदरानं कोंडला गेलो. मुलं माझ्या काचेत बघून केस सारखे करतात. माझी पानं एकमेकांना चिकटत चालली आहेत. पोटात एवढे वाद, पण ब्र काढायची सोय नाही.

परवा ती लेक आली. आता तीही शिकवते. तिला मला वर्गात न्यायचं होतं.

"न्यायचं नाही, ताई. इथंच बसून वाचा," म्हणत ग्रंथपालांनी कुलूप काढलं. मोकळी हवा लागताच मी शहारलो.

तिनं पानं उलटली आणि पेन्सिल काढली. "बाबांचं इथं चुकलंय. अर्थ वाचकाच्या हाती म्हणतात, आणि पुढच्याच प्रकरणात वाचकाला गप्प बसवतात."

"सर चुकणार नाहीत!" ग्रंथपालांनी मला तिच्या हातातून घेतलं. पुन्हा कपाट, पुन्हा कुलूप.

"तुम्ही बाबांना जपता, दादा," ती हळूच म्हणाली, "पण नुसती मान डोलावलेली त्यांना कधीच आवडली नाही."

ती दारापर्यंत गेली. ग्रंथपाल किल्लीशी चाळा करत उभे होते. मग त्यांना राहवेना. "पण ताई, सगळं वाचकानंच ठरवायचं, तर कवीचं काय उरलं?"

ती परत फिरली आणि खुर्ची ओढून बसली. दोघं तावातावानं बोलू लागले. मी आत तडफडत होतो. अहो, यावर माझ्यात अख्खं प्रकरण आहे, उघडा की मला! पण किल्ली खिशात गेली होती.

मित्रांनो, ग्रंथाला धुळीपासून जपा, कसरीपासून जपा. वाचणाऱ्यापासून मात्र जपू नका.